नदीकाठचं बाक आणि एक कडी

मुलगा कॅनडात राहतो ते गाव एवढंसं. सुट्टीच्या दिवशी तो मला फोनवरून तेच गाव फिरवतो. रुळांकडेचं धान्याचं उंच लाकडी कोठार दाखवतो. "अब्बा, यात आता एक दाणा नाही. पण गाववाल्यांनी पाडू दिलं नाही." मग घड्याळ असलेलं जुनं पोस्ट. मग नदीकाठची बाकं, त्यांवर पितळेच्या पट्ट्या, पट्टीवर कुणा मेलेल्याचं नाव.

"रिकामं कोठार ठेवून करतात काय? आमच्या अम्गऱ्यात दिवसात उतरवलं असतं," मी म्हटलं.

अम्गऱ्याच्या भंगार यार्डात माझा जन्म गेला. शाळेत फार गेलो नाही, पण लोखंड मला कळतं. कुवेतमधलं जुनं काय काय तिथे आलं आणि माझ्या हातून कापलं गेलं. आम्ही संसार केला ती दस्मानजवळची इमारत पाडली, तेव्हा तिचं फाटकही आलं. लांबूनच ओळखलं. कुलूप उघडताना बायको पिठाची पिशवी जमिनीवर टेकवायची नाही, म्हणून ती अडकवायला मी फाटकाला कडी वेल्ड करून दिली होती. फाटक कापलं. कडी घरी आणली.

बायको तेव्हा कबरस्तानात होती. कबरीवर नाव नाही, वाळूत नुसता दगड. दर शुक्रवारी जातो, फातिहा पढतो, पाणी शिंपडतो.

यंदा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढला नाही. मुलगा म्हणाला, "आता तरी या. नदीकाठी अम्माच्या नावाचं बाक लावू."

"त्या गावाला ती कोण? कधी बसली होती तिथे?"

"मग तिथे तरी तुमचं कोण आहे?"

"तुझी आई आहे."

त्याच्यामागे बर्फ पडत होता. फोन मीच ठेवला.

काल माझा इथला शेवटचा शुक्रवार. माझ्यामागे पाणी कोण घालणार, ते कुणाला विचारलं नाही. लोक हो म्हणतात आणि विसरतात. बाटली उपडी केली. वाळूने पाणी लगेच पिऊन टाकलं.

रात्री मुलाला सांगितलं, "बाक घे. नाव नको. मी कडी आणतोय, ती बाजूला ठोक."

"लोक विचारतील, ही कशाला?"

"पिशवी अडकवायला, म्हणावं."