एक फोटो जास्त

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात एका बाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. धाकटा भाऊ, भावजय आणि त्या असं तिघांचं घर. लग्नाचा विषय कधीतरी निघाला होता आणि कधीतरी मागे पडला. मॅक्रो लेन्स लावून फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद त्यांना उशिरा लागला, पण लागला तो पक्का. शनिवारी दुपारी दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत फोटोवाल्यांची बैठक भरे. तिथे सगळे त्यांना भिंगकाकू म्हणत.

बैठकीचा नियम साधा होता. प्रत्येकाने एक फोटो आणायचा आणि नाव न लिहिता फळ्यावर टाचायचा. इतरांनी बोलायचं, आणि ज्याचा फोटो त्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. बहुतेक जण "छान", "सुंदर" म्हणून मोकळे होत. काकूंना ते जमायचं नाही. "पाकळीवरची धूळ आधी झटकायची होती," त्या म्हणत. किंवा, "मधमाशी बघून तुमचा हात थरथरला." बैठक चालवणारे सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. ते हसून म्हणत, "काकूंच्या जिभेलाही मॅक्रो लेन्स आहे." लोक हसत, पण काही जण मनातून दुखावत. काकूंना ते कळे आणि घरी जाताना रुखरुख लागे.

एका शनिवारी फळ्यावर एक फोटो जास्त निघाला. पांढरी लिली, मागे गडद काळोख, पाकळीवर पाय उचललेली मुंगी. कुणीतरी दोन आणले असतील म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. काकू म्हणाल्या, "फोकस पाकळीच्या काठावर गेलाय, परागांवर हवा होता. अजून खाली बसायला हवं होतं."

पुढच्या शनिवारी तीच लिली होती. फोकस परागांवर, कॅमेरा खाली. काकूंना बरं वाटलं. आपलं बोलणं कुणीतरी मनावर घेतलं होतं. मग त्यांनी मुंगी पाहिली. तिचा तोच पाय तसाच उचललेला होता.

"एकाच सकाळी काढलेले असतील," सर म्हणाले.

"मग मी सांगितलेलं त्यांना आधीच कसं कळलं?" काकूंनी विचारलं. सरांनी खांदे उडवले.

काकूंनी मुद्दाम सांगून पाहिलं, "उजेड उजवीकडून हवा." आठवड्याने उजेड उजवीकडून आला. फूल ताजं, मुंगी जागच्या जागी. काकूंच्या अंगावर काटा आला. तरी इतकं निमूट ऐकणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं, आणि त्याचाही एक मोह पडला. त्या म्हणाल्या, "मागचा काळोख काढा. फूल कुठे आहे ते थोडं कळू दे."

नंतरच्या शनिवारी सर स्वतः दारात उभे राहिले. प्रत्येकाच्या हातून फोटो घेऊन त्यांनीच टाचण्या लावल्या. मागे वळून त्यांनी फळा पाहिला आणि ते खुर्चीत बसले. एक फोटो जास्त होताच. लिलीच्या मागे धूसर खोली दिसत होती. जाळीची खिडकी, लोखंडी टेबल, काचा घासायचं चाक.

"ही माझी खोली आहे," काकू म्हणाल्या.

सर त्यांच्याबरोबर दुकानात गेले. मालकांनी मागची खोली उघडून दिली. कोपरान् कोपरा पाहिला. "इथे फूल कोण आणणार? इथे सगळीकडे काचेची भुकटी," मालक म्हणाले. ते खरंच होतं. पण फोटो जिथून काढला असेल त्या जागी काकू उभ्या राहिल्या, तेव्हा समोर बरोबर आपलीच रिकामी खुर्ची दिसली.

पुढच्या वेळी खुर्ची रिकामी नव्हती. फोटोत निळा एप्रन घातलेली एक पाठमोरी बाई चाकावर वाकून बसली होती, चेहरा नाही, सगळंच अंधूक. काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात बँकेत नोकरीला असलेला एक सदस्य, बरेच शनिवार न आल्याने ज्याला मागचं काहीच माहीत नव्हतं, सहज म्हणाला, "मागची बाई स्पष्ट आली असती तर मजा आली असती."

"बोलू नका हो," काकू म्हणाल्या. पण बोलून झालं होतं.

तो आठवडा त्यांनी कसाबसा काढला. चाक फिरायला लागलं की मानेवर कुणाची तरी नजर जाणवे. वळून पाहावं तर भिंत. भावजय म्हणाली, "वन्सं, या शनिवारी नका जाऊ." काकू म्हणाल्या, "गेले नाही तर दुसरं कुणी बोलेल. आणि काय बोलेल ते मला कळणार नाही."

फळ्यावर लिली आता नुसता पांढरा डाग होती. पाठमोरी बाई मात्र लख्ख आली होती. अंबाड्यातली पिन, एप्रनच्या गाठीचा सुटलेला धागा, कानामागचा पांढरा केस, मानेवरची काचेची बारीक भुकटी. ती जराशी वळू लागली होती. गालाची कड दिसत होती.

काकू उठून फळ्यापाशी गेल्या. फोटो काढणारा समोर बसलाय असं धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "छान आहे. हा फोटो पूर्ण झालाय. यात आता काहीही बदलायचं नाही."

'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून बैठकीत कुणी ऐकला नव्हता.

त्यानंतर जास्तीचा फोटो आला नाही. तो शेवटचा काकूंनी घरी नेला, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती ठेवायची त्यांची छाती होईना. भावजय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भीती वाटते खरी. पण वन्सं, तुमच्याकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलं नसेल." काकूंनी फोटो कपाटात साड्यांखाली ठेवला, पालथा.

बैठकीला त्या अजून जातात. बोलतात, पण आधी विचारून घेतात, "तुम्हाला यात काय बघायचं होतं?" दुकानात मात्र त्यांनी टेबल फिरवून घेतलं. आता पाठ भिंतीला टेकते. मालकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इकडून उजेड बरा पडतो."

उजेड सरळ डोळ्यांवर येतो. त्या डोळे बारीक करून काम करतात, आणि मधूनमधून मान वर करून समोर बघतात.