मौजेचा सातवा नियम

बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, विचारलंत तर एका दमात सांगेल. ही तिच्या यादीत नाही. दिलीपलाही माहीत नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हासुद्धा मी हे मनातल्या मनात पटकन ओलांडून पुढं जातो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि खरं सांगू? भीती वाटतेय. अजूनही.

खेळापासून सुरुवात करतो. ते सोपं आहे.

अकोल्याला शेतकीचं शिकत होतो तेव्हा हॉस्टेलवरच्या एका पोरानं मला हा खेळ शिकवला. पट नाही, पत्ते नाहीत. एकानं गोष्ट सांगायची — गुहा, राक्षस, खजिना — आणि बाकीच्यांनी आपापला एक गडी घेऊन त्या गोष्टीत शिरायचं. कुणाचा गडी तलवारबाज, कुणाचा जादूगार. डाव जमला की फसला ते फासा ठरवणार, आणि फासाही कसला, तर वीस बाजूंचा. तो आमच्या पिंपळगाव राजा गावात कुठं मिळायचा? मी वीस चिंचोक्यांवर ऑइलपेंटनं आकडे घातले आणि त्यांना एक थैली शिवून घेतली. गोष्ट सांगायचो मी. सांगणाऱ्याला स्वतःचा गडी नसतो.

खेळायला दोघं पक्के. एक दिलीप, एसटीत कंडक्टर. दुसरा नईम, गादीवाला. कापूस पिंजून गाद्या भरायचं त्याचं दुकान माझ्या कृषी केंद्रापासून चार दुकानं सोडून होतं, आणि रविवारी दुपारी तिथंच, गाद्यांच्या थप्पीला पाठ टेकून आमचा खेळ चालायचा. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्याच्या पुढचं ते वर्ष. माझ्याकडं लोक यायचे, बियाण्याचं पाकीट हातात घेऊन उलटं-सुलटं बघायचे आणि ठेवून जायचे. लग्नाघरचे लोकही जुनीच गादी पिंजून न्यायचे. आम्हाला वेळच वेळ होता.

आता खजिना मिळाल्यावर गड्यांनी करायचं काय? माझ्याकडच्या झेरॉक्स पुस्तकात याबद्दल धड काही नव्हतं. गावात या, आराम करा, जखमा भरा — एवढंच. हे काय जगणं झालं? म्हणून मी दोनशेपानी वहीत स्वतःचे नियम लिहिले. वर ठळक अक्षरात: मौजेचे नियम. मोहरा साठवल्या तर गड्याला काही मिळणार नाही. उडवल्या तरच त्याचं शहाणपण वाढणार. आणि नुसतं ‘उडवल्या’ म्हणून भागायचं नाही, कशा उडवल्या ते रंगवून सांगायचं. मग थैलीत हात घालायचा. पाच किंवा त्याखालचा चिंचोका निघाला की भानगड! सकाळी उठावं तर तलवार विकलेली, नाहीतर भलत्याच घरी साखरपुडा झालेला.

नईम एरवी अर्धा चहासुद्धा वाटून घेणारा माणूस. पण त्याचा गडी — शेरू, एक जाडजूड चोर — शहरात शिरला की अख्ख्या शहराला जेवण! किती देगा चढल्या, बिर्याणीत केशर किती, हेसुद्धा नईम डोळे मिटून सांगायचा. कुवेतचं आम्हाला असंच कळलं. एका रविवारी शेरूनं होतं-नव्हतं सगळं उडवलं आणि नईम म्हणाला, “आता शेरू समुद्रापार चालला बे. मीबी.” तिथल्या एका सोफ्याच्या कारखान्यात त्याचं काम ठरलं होतं. पासपोर्टचा अर्ज गेलेला, पोलिसांची चौकशी तेवढी बाकी होती.

मी सातव्या नियमाकडं यायचं टाळतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

सातवा नियम असा: मौजेत कोतवालानं पकडलं तर गड्याला तीन रविवार तुरुंग — म्हणजे त्या खेळाडूनं खेळायचं नाही, बाकीच्यांना चहा करून द्यायचा. नाहीतर दुसऱ्या एखाद्या गड्याचं नाव घ्यायचं. मग तो आत, तुम्ही मोकळे. खाली मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, ‘नाव घेतल्यावर कोतवाल पुढं काही विचारणार नाही.’ दिलीप दर वेळी शेरूचं नाव घ्यायचा. नईमनं कधीच कुणाचं घेतलं नाही. “चाल बे, तीन रविवार चहा माह्याकडं,” म्हणायचा आणि स्टोव्हला पंप मारायला बसायचा.

आणखी एक नियम होता, वहीत न लिहिलेला. खेळाचं सामान एका खोक्यात असायचं, खोका नईमच्या दुकानात, आणि त्यात खेळाडूंनी डोकवायचं नाही. पुढच्या गुहांचे नकाशे असायचे ना त्यात! दिलीप चोरून बघायचा प्रयत्न करायचा. नईमनं कधी झाकणाला बोट लावलं नाही.

म्हणूनच मी चोर बीटीची पाकिटं त्या खोक्यात ठेवली.

तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, असं ते बियाणं. सरकारची परवानगी नव्हती, म्हणून नाव चोर बीटी. तण निंदायला बाया मिळत नव्हत्या, लोक मागत होते. लोकांची गरज होती, असं मी म्हणू शकतो. पण ते राहू द्या. खाली पाकिटं, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर वही आणि चिंचोक्यांची थैली. खोका जड झाला तेव्हा नईमनंच तो उचलून आत ठेवला. “किती राक्षस भरले बे यात?” म्हणाला.

मृगाच्या चार दिवस आधी, भर दुपारी, कृषी खात्याचे निरीक्षक दोन पोलिसांना घेऊन माझ्या दुकानात आले. कुणीतरी खबर दिली होती. झडती झाली. सापडलं काय, तर काउंटरखाली एक रिकामं पाकीट. निरीक्षकांनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “माल कुठं आहे?”

भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. लायसन्स जाणार, ठाण्यात बसवणार, अख्ख्या बाजारातून नेणार — सगळं दिसायला लागलं. मी गप्प बसू शकलो असतो. माझा आहे, म्हणू शकलो असतो. किती वेळ लागतो दोन शब्द बोलायला?

मी म्हणालो, “नईम गादीवाल्याकडं असेल. तो विकतो, असं ऐकलंय.”

यातलं सगळ्यात वाईट अजून पुढंच आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात दिलीपचंही नाव आलं होतं, खोटंच सांगायचं होतं तर कुणाचंही चाललं असतं. पण नईमचं नाव घेतलं की ते लगेच खरं मानलं जाईल, एका गादीवाल्याकडं बियाणं कशाला असेल असं कुणी म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. का, ते तुम्हालाही ठाऊक आहे. मी घाबरलो होतो हे खरं. पण घाबरलेला माणूस इतका नेमका विचार करतो का?

आणि तसंच झालं. निरीक्षकांनी मान हलवली आणि ते चार दुकानं पुढं गेले. मी शटर अर्धं ओढून आत बसलो. पुढचं दिलीपनं सांगितलं. खोका उघडला, वही वर निघाली — पानापानावर माझं अक्षर. निरीक्षकांनी ती बाजूला फेकली, खालची पाकिटं काढली आणि विचारलं, “कोणाचं हे?” नईम त्या वहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, “दुकान माहं आहे साहेब, तं खोकाबी माहाच.”

दोन दिवस ठाण्यात, मग जामीन. पोलीस चौकशीत गुन्हा दाखल असल्याचा शेरा पडला, पासपोर्ट अडकला. कुवेतच्या कारखान्यानं थोडे दिवस वाट पाहून दुसरा माणूस घेतला. खामगावच्या कोर्टातल्या तारखा सहा वर्षं चालल्या आणि शेवटी पुराव्याअभावी तो सुटला. तोवर त्याचं परदेशी जायचं वय गेलं. तो अजून गाद्याच भरतो. मी ज्या गादीवर झोपतो ती त्यानंच भरलेली आहे.

जामिनावर सुटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तो आपण होऊन दुकानाबाहेर उभा राहून आम्हाला हाका मारत होता. फेकलेली वही त्यानं झटकून ठेवली होती. वीसच्या वीस चिंचोके थैलीत होते. आम्ही खेळलो. शेरूनं नेहमीप्रमाणं शहराला जेवण घातलं, नईमनं थैलीत हात घातला, दोन आकडा निघाला. कोतवाल.

“नाव घे कोणाचं,” दिलीप म्हणाला. “माहं घे. लय खेपा तुले आत टाकलं मी.”

नईम माझ्याकडं बघून हसला. “याचं घेतलं असतं. पण याचा गडीच नाही ना खेळात.”

दिलीप खदखदून हसला. मीही हसलो.

दिलीप ड्युटीवर गेला. नईम चिंचोके मोजून थैलीत टाकत होता. वर न बघता त्यानं विचारलं, “त्या दिवशी ते पयले तुह्याकडं आले होते का बे?”

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. त्यानं तर खोका आपला म्हणून अंगावर घेतलाच होता. एवढंच विचारत होता.

“माह्याकडं? नाही बे,” मी म्हणालो.

त्यानं शेवटचा चिंचोका टाकला, थैलीची नाडी ओढली.

“मंग ठीक हाय,” म्हणाला.

पुढं त्यानं काही विचारलं नाही.