साडूंची माळ

आमच्या थोरल्या साडूंइतका मार खाल्लेला आणि त्या माराबद्दल इतका समाधानी असलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर तो त्यांचा चेला असणार. माणसं फौजेतून निवृत्त होऊन येतात ती ट्रंक, कांबळं आणि कॅन्टीनचं सामान घेऊन येतात. साडू बॉक्सिंग घेऊन आले, आणि जाताना जे नाक नेलं होतं ते तिकडेच ठेवून आले. आता त्या जागी जे आहे त्याला नाक म्हणायचं ते केवळ त्यावर चष्मा टेकतो म्हणून. पण लाज वाटेल तर ते साडू कसले! नवा माणूस भेटला की मास्तरांनी भूगोलाच्या तासाला नकाशा दाखवावा तसा ते स्वतःचा चेहरा दाखवत. "हे नाक जबलपूरचं. ही भुवई अंबाल्याची, टाके पडलेते हितं. कान पुन्याचा. अन् हा दात..." इथे ते जरा थांबत आणि आवाज हळवा करत, "हा दात आपल्या चौसाळ्यातच गेला. पर लई गुनी पोरानं पाडला."

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. मी बीडच्या बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतो. स्वभाव मूळचाच काळजीखोर. बस वेळेवर आली तरी मला वाटतं, नक्की काहीतरी बिघडलंय. कांदेपोहे हातात घेऊन मी घाम पुसत होतो, तेवढ्यात हे गृहस्थ आले, सगळ्यांसमोर माझी हनुवटी चिमटीत धरली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि सासऱ्यांना म्हणाले, "हनुवटी कच्ची हाय पाव्हन्याची. पर मानूस सरळ दिसतोय, देऊन टाका." एवढ्या दाखल्यावर माझं लग्न झालं. पुढे बायकोनं सांगितलं की साडूंच्या स्वतःच्या लग्नात पहिली अक्षता पडली तेव्हा ते पटकन खाली वाकले होते, आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत नवरदेव मुंडावळ्यांसकट एकेक अक्षता चुकवत होता. जेवायला बसले तरी त्यांचा डावा खांदा वर. उजव्या हातानं भाकरी मोडणार, डावी मूठ गालापाशी. वाढणारी बाई अचानक बाजूनं आली तर तिची काही धडगत नसे, म्हणून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कायम समोरून वाढायची. "अहो, आमटी हाय, ठोसा न्हाई," असं आधी सांगून मग वाढायची.

चौसाळ्यात हायवेच्या कडेला कापसाचं एक जुनं गोदाम होतं. त्यात साडूंनी तालीम उघडली. भरतीला जाणारी पोरं, मेंढरामागं फिरून पाय घट्ट झालेली पोरं, पुढाऱ्यांची घरी नकोशी झालेली पोरं, सगळी तिथं. फी नाही, पण शिस्त अशी की मोटारसायकलवरून येताना हेल्मेट नसेल तर दारातून परत. आणि आत आल्यावर मात्र डोक्याला काही बांधायचं नाही! मी एकदा भीत भीत विचारलं, "साडूभाऊ, ह्या पोरांना ते डोक्याचं गादीसारखं मिळतं ते का नाही घालत?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "रस्त्यावर ट्रक येतोय. हितं मानूस येतोय. मानसाला काय भ्यायचं?" त्यांच्या तालमीत दोनच प्रकार होते, लटका हात आणि खरा हात. लटका हात म्हणजे नुसता दाखवायचा, तो पहिल्या आठवड्यापुरता. त्यानंतर रोज खरा हात, पूर्ण ताकदीचा, आणि समोर बहुतेक वेळा साडू स्वतः. सरावाला जोडीदार कमी पडला की साडू. पोरगा घाबरला की साडू. कुणी फारच मस्तीत आला तरी साडूच. संध्याकाळी डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून अंगणात बसत आणि म्हणत, "आज दिवस लई चांगला गेला."

पण ह्या सगळ्यावर कडी होती ती निरोपाच्या हाताची. तालमीतलं पोरगं पोलिसात किंवा फौजेत निवडलं गेलं की ते पेढे घेऊन यायचं, साडूंच्या पाया पडायचं, आणि मग साडू टोपी काढून, दोन्ही हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहायचे. पोरानं जाता जाता गुरुजींच्या डोक्यावर एक खरा हात मारायचा. हलका मारला तर पेढा परत. "माझ्या पोराचा हात किती जड झालाय ते मलाच कळाय नको व्हय?" असं ते म्हणत. कैक पोरं रडत रडत मारायची. साडू झोकांडी खायचे, सावरायचे, डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे आणि मग त्या पोराला छातीशी धरायचे. मी एकदा बघितलं आणि त्या दिवशी मला चहा गेला नाही. चौसाळ्यातून बरीच पोरं भरती झाली. गाव त्यांचा हिशोब अभिमानानं सांगायचं. साडूंच्या डोक्याचा हिशोब कुणाच्या मनातही आला नाही.

सुरुवातीला आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू? माणूस मुळातच वेडावाकडा, त्यात नवीन काय बिघडलं हे ओळखायचं कसं? जबलपूरच्या नाकाची गोष्ट संपली की ते पुन्हा पहिल्यापासून जबलपूरच्या नाकावर येत. मला धाकट्या मेहुण्याच्या नावानं हाक मारत. चहात मीठ पडलं तरी गपगुमान पीत. एकदा माझ्याच खिडकीसमोरून, मला हात करून, चौसाळ्याला जायचं म्हणून तलवाड्याच्या बसमध्ये चढले. मी ओरडलो, तर त्यांना वाटलं मी निरोप घेतोय. त्यांनी खिडकीतून आणखी जोरात हात हलवला. चौसाळा एका दिशेला, तलवाडा पार उलट्या. तिथं उतरल्यावर पाराखाली बसून राहिले. कंडक्टरनं मला फोन केला, "तुमचे साडू म्हनतेत की कुनीतरी गाव बदललं." डेपोत आठवडाभर हा विनोद चालला. मीही हसलो, पण रात्री बायकोला म्हटलं, "अगं, ज्या गावात माणूस जन्मला ते गाव कसं चुकतं?" ती म्हणाली, "तुम्हाला काळजी करायला काहीतरी लागतंच." पण मग दिवाळीला त्यांनी ताट भिरकावलं. कशासाठी? चटणी डावीकडे वाढली म्हणून. ज्या माणसानं आयुष्यभर ठोसे मारले पण घरात कधी आवाज चढवला नाही, त्यानं. अक्का खाली बसून चटणी गोळा करत होती आणि साडू तिच्याकडे बघत विचारत होते, "कुनी सांडलं गं?"

पाय तिरपे पडायला लागले, जीभ जड झाली, सकाळच्या उन्हात डोळे मिटायला लागले, तसं गावानं निदान केलं: साडू प्यायला लागलेत! आता साडूंनी आयुष्यात दारू घेतली नव्हती. फौजेत मिळालेली बाटलीसुद्धा ते दुसऱ्याला देऊन बदल्यात अंडी घेत. अक्का मला म्हणाली, "पाव्हनं, मी रोज तोंडाचा वास घेते हो. वास येत न्हाई, अन् पाय तर पडतेत. कावून आसंन?" मलाही त्या दुखण्याला नाव देता येत नव्हतं. पण गावाला नाव सापडलं होतं आणि उपायही. आपल्याकडे माणसाची दारू सोडवायची म्हणजे त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची. एकदा माळ पडली की शब्द पडला; माळकरी माणूस तो मोडत नाही. गावातल्या एका पुढाऱ्यानं पुढाकार घेतला. तालमीत त्याची दोन पोरं होती, त्यामुळं कळकळ खरी होती. सगळे जीपगाड्या भरून नारायणगडावरच्या देवस्थानाला निघाले. आयुष्यात एक थेंब न घेतलेल्या माणसाची दारू सोडवायला एवढा लवाजमा जिल्ह्यात कधी गेला नसेल. अक्का म्हणाली, "जाऊ द्या, माळंनं कुनाचं वाईट झालंय?" म्हणून मीही रजा टाकून गेलो.

गडावर माळ घालणारे एक म्हातारे बुवा होते. त्यांनी विचारलं, "काय सोडायचंय?" पुढारी म्हणाला, "दारू." बुवा म्हणाले, "तुमी न्हाई, त्यांच्या तोंडून येऊ द्या." मला वाटलं, आता साडू उसळणार, बुवांसकट सगळ्यांची हनुवटी तपासणार. साडूंनी पुढाऱ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग अगदी नम्रपणे म्हणाले, "पीत आसंन बा मी. मला आठवत न्हाई. पर एवढी मानसं म्हनतेत, तर पीतच आसंन. सोडली." सगळे हसले. "गमत्या मानूस!" पुढारी म्हणाला. मी अक्काकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. माळ गळ्यात पडली, प्रसाद झाला. माणसाला स्वतःच्या आयुष्याबद्दल दुसऱ्यांना विचारावं लागतंय, ही थट्टा कसली?

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी त्यांना शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, बोटं मोजायला लावली, सरळ रेषेवर चालवलं. मग साडूंनाच सांगितलं की हे डोक्याला बसलेल्या माराचं आहे. साडू म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मी कधी बेसुद पडलो न्हाई." डॉक्टर म्हणाले, "बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. मेंदू प्रत्येक वेळी आत हलतो. सामन्यातले ठोसे तसे थोडे असतात, रोजच्या सरावातले जास्त, आणि ते वर्षानुवर्षं साठत जातात." अक्कानं विचारलं, "बरं व्हईल ना?" डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत आणता येणार नाही, ताई, आणि हे हळूहळू वाढतही जाणार. पण यापुढे एकही ठोसा डोक्याला नको. एकही नाही." बाहेर आल्यावर साडू मला म्हणाले, "मानूस हुशार हाय. पर ह्यानं कधी मार खाल्लेला दिसत न्हाई." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीत हजर! अक्कानं ग्लोव्हज लपवले, तर हातांना टॉवेल गुंडाळून उभे राहिले. मी ड्युटी संपली की चौसाळ्याची बस धरायचो, आणि गोदामातून 'धप्' असा आवाज आला की माझंच डोकं धरून बसायचो.

आणि त्यात तालमीतली एक मेंढपाळाची पोर पोलिसात निवडली गेली. साडूंची सगळ्यात लाडकी, हात वीट फोडेल असा. ती पेढे घेऊन आली, पाया पडली, आणि साडूंनी टोपी काढली. हात मागे बांधले. "चल. खरा हात." पोरीला अक्कानं आधीच बजावून ठेवलं होतं. ती नुसती उभी, डोळ्यांतून धारा. "गुर्जी, मला न्हाई जमायचं." साडू पेटले. "सगळ्यांनी दिला, तू कावून न्हाई? माझ्या तालमीचा रिवाज मोडती व्हय?" खुर्ची लाथेनं उडवली. पोरं भिंतीला चिकटली. ते पोरीच्या अंगावर जाऊन ओरडत होते, "मार! मार म्हनतो ना!" आणि तिची मूठ, भीतीनं का होईना, आवळली गेली होती.

अक्का मधे आली. समोरून आली, नेहमीसारखी. म्हणाली, "तुमच्या गळ्यात काय हाय?"

साडूंचा हात गळ्यापाशी गेला. मणी चाचपत राहिले. "माळ हाय. ही कशाची?"

अक्कानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मार सोडल्याची. गडावर तुमीच म्हनलात, मार सोडला. खायचाबी अन् डोक्यात द्यायचाबी."

"मी म्हनलो?" त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "साडूभाव, तुमी गेलते ना गडावर? खरं सांगा. मी काय सोडलं?"

माझा अख्खा जन्म लोकांना बरोबर माहिती देण्यात गेलाय. कुठली बस, कुठला फलाट, किती वाजता. मी म्हणालो, "मार सोडलात, साडूभाऊ."

त्यांनी हळूहळू टोपी घातली. पोरीला म्हणाले, "पेढा दे बाई. हात ऱ्हाऊ दे. शब्द दिलाय म्या." मग सगळ्या पोरांकडे वळून, "अन् तुमीबी आजपासून डोक्यात मारायचं न्हाई. पोतं हाय, पोत्याला मारा." पोरगी हमसून हमसून रडायला लागली, आणि त्यांना कळेना की ही आता का रडते.

तेव्हापासून एकही ठोसा नाही. ते गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि पोरांना शिव्या देतात. म्हणून दुखणं काही थांबलेलं नाही. डॉक्टर बोलले तसंच होतंय. जबलपूर गेलं, अंबाला गेलं, नाक कुठलं हे आता त्यांना आम्ही सांगतो. परवा स्वतःच्या धाकट्या लेकीच्या घराची वाट विसरले. पण माळेची गोष्ट मात्र पक्की आहे. येईल त्याला सांगतात, आणि दर वेळी तिच्यात भर पडते: गडावर वारं सुटलं होतं, बुवांनी पाठीवर थाप मारली, अक्का रडली, मी प्रसादाचा नारळ फोडला. खरं घडलेलं सगळं एकेक करून चाललंय, आणि आम्ही दोघांनी हातात दिलेलं हे एक खोटं तेवढं त्यांनी घट्ट धरलंय. गेल्या रविवारी गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बाकी काय बी इसरंन साडूभाव, पर दिलेला शब्द मी इसरत न्हाई. हाय का न्हाई?"

"हाय," मी म्हणालो. अक्का चहा ठेवते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.