सारांचं ऐकणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पंख्यात धूळ साठते तसे ते साठतात, मशीन उघडलं की बाहेर! मी फारसा बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. त्यातले सारांचे तेवढे सांगून टाकतो, नाहीतर मला चैन पडणार नाही.

सार म्हणजे तंजावरच्या आमच्या टायपिंग क्लासचे मास्तर. इथे सरांना सगळे 'सार'च म्हणतात. आठ जुने टाइपरायटर, आणि अर्ध्या गावाला दहा बोटं वापरायला शिकवणारा हा माणूस. आठवीत शाळा सोडल्यावर मीही त्यांच्याकडेच शिकलो. आता त्यांचे हात कापतात. बंगळूरूच्या मुलाने, शेखरने, फोनवर स्पष्टच सांगितलं, "अप्पा, स्वतःला एक पत्र टाइप करता येत नाही, मग क्लास कसला चालवता? रविवारी येतो. कुणाची मदत न घेता एक पत्र करून दाखवा. नाहीतर क्लास बंद, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे!"

सार तसेच माझ्या दुकानात आले. "सेतू, तोंडाने बोललेलं टाइप होतं म्हणे. कर."

माझ्याकडे पाच दिवस होते!

*

आधी ऑनलाइन लावलं. म्हणजे आपला आवाज नेटवरून कुठल्यातरी लांबच्या मशीनकडे जातो आणि अक्षरं होऊन परत येतो. सारांनी डोळे मिटून पानभर इंग्रजी पत्र सांगितलं. डोळे उघडले तर स्क्रीन जवळजवळ कोरा. नेट गेलेलं!

"कधी गेलं?"

"'रिस्पेक्टेड सर'नंतर, सार."

"मग सांगायचं नाही?"

"सार बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय."

*

दुसऱ्या दिवशी नेट एकदम झकास. शब्द भराभर उमटायचे, आणि पुढचं वाक्य ऐकून मागचा एखादा शब्द आपोआप बदलायचा. मला वाटलं, सार खूश होतील. ते खुर्चीतून उठलेच!

"खोडतो? परीक्षेत खाडाखोड केली की मार्क जातात!"

"सार, तो चूक सुधारतो."

"मुळात करायचीच कशाला?"

नापास!

*

पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहूनही सारांच्या घरी मराठी बोलतात, आमच्याही; शाळेत मात्र सगळे तमिळच शिकलो. दुकानदारासमोर त्याच्याच साड्यांना नावं ठेवायची असली की काकी, म्हणजे सारांच्या पत्नी, हळूच मराठीत शिरतात. तमिळ माणसाला काय कळणार! या ऑनलाइनला मराठीही कळतं असं मी सांगितलं, तर काकींनी कॉफीचा टंबलर खालीच ठेवला.

"अय्यो! मग आता भांडायचं कुठल्या भाषेत?"

सार म्हणाले, "लिहू दे त्याला. या घरात देवनागरी वाचणार कोण?"

काकी निर्धास्त झाल्या. मी वायर आणायला खाली गेलो. परत आलो तर माइक चालूच राहिलेला, आणि स्क्रीनवर काकी: 'सेतू गुणी आहे, पण याला मुलगी कोण देणार? तोंडात जीभ आहे की नाही तेच कळत नाही.' त्याखाली सार: 'निदान मध्ये बोलत तरी नाही.'

देवनागरी मी मोबाइलवर शिकलोय. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही!

*

शुक्रवारी शेवटी ऑफलाइन बसवलं. यात आवाज कुठे जात नाही. ऐकणं, लिहिणं सगळं त्याच मशीनमध्ये, नेटची गरजच नाही. पण सारांचा कॉम्प्युटर म्हातारा. त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि काहीच झालं नाही. मला घाम फुटला. सार आत जाऊन कॉफी पिऊन आले, तेव्हा कुठे एकेक शब्द उमटला. न खोडता!

"विचार करून लिहितो. पास."

पण एका वाक्याला एक कॉफी, एवढा वेळ शेखर थांबेल? मला कुठली झोप! शनिवारी जेवायलाही न उठता सगळं हलकं करून पुन्हा बसवलं, 'सेव्ह', 'प्रिंट' वेगळे शिकवले.

"सार, वेग आला, पण याला थोडेच शब्द येतात."

"आणि तुला? दिवसाला चार!"

*

रविवारी शेखर आला. परीक्षा जवळ होती म्हणून त्या दिवशीही बॅच होती. सारांनी मुलींना थांबायला सांगितलं आणि सावकाश पत्र सांगितलं. मग "सेव्ह". मग "प्रिंट". प्रिंटरने कागद बाहेर टाकला. शेखरने तो दोनदा वाचला. एक चूक नाही!

"मानलं, अप्पा!" तो हसला. "पण मग आता टायपिंग शिकणार कोण? बोललं की झालं!"

पाच दिवस मी क्लास वाचवत होतो की बुडवत होतो? आठही मुलींची बोटं अक्षरांवर तशीच थांबलेली.

सारांनी माइक काढून टेबलावर ठेवला. चार नंबरच्या मशीनवरच्या मुलीला उठवलं आणि कापऱ्या हातांनी त्यात कोरा कागद चढवला.

"बस. आत्ता बोललास ते टाइप कर."

शेखर बसला. दोन बोटं, मान खाली. एक अक्षर, मग शोधाशोध. मग दुसरं. एक मुलगी फिसकन हसली.

"उद्या सकाळी सहा," सार म्हणाले. "पहिली बॅच."

शेखरचं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं.

सोमवारी सहाला मी माझी वायर न्यायला गेलो. चार नंबरसमोर शेखर, घामाघूम. पाठीमागे सार उभे.

"खाली बघू नको!"