वाळवीने न खाल्लेलं रजिस्टर

हे बायकोला माहीत नव्हतं. ती जाईपर्यंत सांगितलं नाही. मुलांना तर नाहीच. मी निवृत्त झालो त्या दिवशी शाळेत हार घातले, भाषणं झाली, कोणीतरी ‘निष्कलंक सेवा’ असं म्हणालं — आणि मी मान डोलावली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

आधी मला जरा चिडू द्या. चिडलो की धीर येतो.

छप्पन साली आम्ही दिग्रसची माणसं रात्री मध्य प्रदेशात झोपलो आणि सकाळी मुंबई राज्यात उठलो. चार वर्षांनी महाराष्ट्रात आलो. घर तेच, नळ तोच, कापसाच्या जिनिंगचा भोंगाही त्याच वेळेला वाजायचा. शाळेचा शिक्का तेवढा बदलला, आणि जुने कागद संपेपर्यंत त्यांच्यावरचं राज्याचं नाव मी लाल शाईने खोडत बसलो. पण आमच्यातल्या एकाच्याही दाराशी येऊन कोणी विचारलं का, की बाबा, तू इथला कशावरून? नाही विचारलं. कशाला विचारतील? मग ते जुबेदालाच का विचारलं?

जुबेदा ही करीम पिंजाऱ्याची मुलगी. आमच्या घरामागे त्यांचं घर. करीमचाचा कापूस पिंजायचे, त्यांच्या धनुकलीचा आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. माझे वडील तेव्हा शाळेचे हेडमास्तर. मोहल्ल्यातली एकही मुलगी मराठी शाळेत येत नव्हती, तर गुरुजी स्वतः करीमचाचांच्या ओट्यावर तीन दिवस जाऊन बसले. चौथ्या दिवशी जुबेदाला हाताला धरून शाळेत घेऊन आले आणि दाखल-खारीज रजिस्टरात स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. ही गोष्ट ते मरेपर्यंत सांगत. मी तिच्या दोन वर्ग पुढे होतो. ती मला वसंतभाऊ म्हणायची.

पुढे तिचं लग्न जिनिंगमधल्या एका फिटरशी झालं. फाळणी झाली तेव्हा नवरा भावांच्या नादाने कराचीला निघाला, तीही गेली. नवऱ्यामागे न जाणारी बाई तेव्हा आमच्यात तरी कुठे होती? तिकडे तो वारला. मूलबाळ नाही. इकडे करीमचाचा आधीच वारले होते, घरात एकटी आई — अमिनाबी. तिचे डोळे जात चालले होते. जुबेदा आईकडे परत आली. पण आली ती पासपोर्टावर, आणि तो पासपोर्ट दुसऱ्या देशाचा.

म्हणजे काय झालं, ते ऐका. जिथे तिची नाळ पुरली त्याच गावात ती परदेशी ठरली. ठाण्यावर हजेरी. मावशीकडे नेरला लग्नाला जायचं तर आधी परवानगी. मुदत वाढवायची की यवतमाळची बस धर, तिथे एक कारकून म्हणणार फोटो तीन हवेत, दुसरा म्हणणार चार, तिसरा जेवायला गेलेला. अर्ज इंग्रजीत हवा. इंग्रजीत नेला तर त्याची मराठी प्रत कुठे आहे? एकदा तर फाईल नागपूरला राहिली की मुंबईला गेली यावरून तिला दोन महिने हेलपाटे घालायला लावले. राज्य यांनी बदललं, फाईल यांनी हरवली, आणि माफी कोणी मागायची? तिने. आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि मी? मी या सगळ्यात कुठे होतो? तेच सांगायला बसलोय.

शेवटी एका भल्या माणसाने तिला सांगितलं, की जन्म इथलाच असल्याचा कागद जोडलास तर इथली नागरिक म्हणून तुझी नोंद होऊ शकेल, मग कायमची आईपाशी राहा. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत नुसतं ‘करीम यास मुलगी’ एवढंच होतं, आणि करीमला मुली झाल्या होत्या तीन. दोघी लहानपणीच गेल्या. यातली तू कोणती, असं त्या कचेरीत तिला विचारलं. राहिली होती ती शाळा. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जन्मगाव — सगळं असतं.

तेव्हा हेडमास्तर मी होतो. कायम झालो नव्हतो, आदेश यायचा होता.

ती शाळेत आली. दारातच उभी राहिली. “भाऊ, मले शाळेतला दाखला पाह्यजे. कचेरीतले इचारतात, तू इथलीच कशावरून. गुरुजीच्या हातचं अक्षर आहे नं आपल्याजोळ?”

कपाट माझ्या पाठीमागे होतं. रजिस्टर वरून दुसऱ्या खणात. त्याच्या आठवडाभर आधी तपासणीला आलेले साहेब चहा पिता पिता सहज म्हणाले होते, की मास्तरलोकांनी पाकिस्तानवाल्यांच्या भानगडीत पडू नये. बस्स, एवढंच. धमकी नाही, हुकूम नाही. माझं नावही घेतलं नव्हतं त्यांनी. तेवढ्याने मी गारठलो.

“ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं, जुबेदा,” मी म्हणालो.

तुम्हाला त्या काळची रीत माहीत नसेल. वाळवी हे तेव्हा प्रत्येक कचेरीचं ठेवणीतलं उत्तर होतं. ‘वाळवीने नष्ट’ असा शेरा मारला की फाईल बंद, पुढे कोणी विचारत नसे. मी दुसऱ्या गावांच्या शाळांना लिहिलेल्या पत्रांची तशी उत्तरं डझनाने पाहिली होती आणि हसलो होतो.

ती हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, “खाल्लेलं तरी दाखवा, भाऊ. माह्यं नाव उरलं असन थोडंसं.”

मी दाखवलं नाही. उलट काय केलं? तिला बसायला सांगितलं आणि शाळेच्या कागदावर लिहून दिलं, की सदर रजिस्टर वाळवीने नष्ट झाले आहे, सबब उतारा देता येत नाही. खाली सही. सहीवर शिक्का. तिने तो कागद घडी घालून पदराच्या टोकाला बांधला आणि वर मलाच म्हणाली, “तुमाले तकलीप देली.”

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि मागच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली, ओल्या जमिनीवर नेऊन टाकलं. लिहून दिलंय ते खरं व्हावं म्हणून. वडिलांच्या हातचं रजिस्टर.

तिची मुदत संपली, कराचीला परत जायचा हुकूम निघाला. पोलिसाने तिला यवतमाळच्या बसमध्ये बसवून दिलं. मी त्या वेळी पाढे म्हणून घेत होतो, खिडकीतून बस दिसत होती. मुलं चुकली, तरी माझ्या लक्षात आलं नाही. महिन्याभरात मी कायम झालो.

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, भित्रा माणूस, घाबरला बिचारा. बिचारा म्हणू नका. अजून संपलेलं नाही.

तीन वर्षांनी शेजारच्या शिंप्याच्या रामचंद्राला बसवर कंडक्टरची नोकरी लागत होती. जन्मतारखेचा दाखला हवा होता. जुबेदाच्याच वर्षी शाळेत आलेला मुलगा. शिंपी गयावया करू लागला. एव्हाना वाळवीने खरंच खाल्लं असेल, ते पाहून तेच सांगायचं म्हणून मी मागच्या खोलीत गेलो. रजिस्टरावरच्या बाकाचा एक पाय वाळवीने पोकळ करून टाकला होता. रजिस्टराला तोंडही लावलं नव्हतं. पुठ्ठ्यावरची माती झटकली, पान उघडलं. दोनशे बारा, रामचंद्र. दोनशे तेरा, जुबेदा शेख करीम, जन्मगाव दिग्रस, बापाचा धंदा कापूस पिंजणे.

मी रामचंद्राचा उतारा लिहून दिला. डाव्या हाताचा पंजा दोनशे तेरावर ठेवून. तो कागद द्यायला मला कसलीच भीती वाटली नाही. का वाटावी? तो रामचंद्र होता.

दिग्रसमध्ये अशी बातमी किती वेळ राहते? तिसऱ्या दिवशी अमिनाबी काठी टेकत शाळेत आली. डोळे आता पुरते गेले होते. “रामचंद्रले दाखला भेटला म्हने, मास्तर. मंग ते रजिस्टर आहे?”

नाही म्हणता आलं नाही. मी “हो” म्हणालो.

“माह्या पोरीचं नाव आहे त्याच्यात?”

“आहे.”

“वाचून दाखवा.”

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. ‘जन्मगाव दिग्रस’ आलं तेव्हा तिने मान हलवली, मी पाठ म्हणत होतो आणि ती तो तपासत होती जणू. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्याचीच वाट पाहत होतो. तिने विचारलं, “आता धाडता येते का तिले हा कागद?”

उतारा लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण मग माझ्या सहीशिक्क्याचा तो पहिला कागद कोणीतरी बाहेर काढला असता, आणि माझी नोकरी गेली असती.

“मुदत संपली, अमिनाबी,” मी म्हणालो.

ती “बरं” म्हणाली आणि काठीने उंबरठा चाचपत निघून गेली.

असा कागद धाडायची मुदत खरंच संपली होती का, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. नंतरही विचारलं नाही. अमिनाबी पुढे सहा वर्षं जगली, आणि त्या सहा वर्षांत मी कितीतरी वेळा कामासाठी यवतमाळच्या त्याच कचेरीत गेलो.