टोपणावरचं कुंकू

गाडीला तिची प्रकृती विचारणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझ्या मावशीच्या नशिबी आला. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काका फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, पण मनाने होमिओपॅथ. अंधेरीच्या आमच्या गल्लीत त्यांच्या साखरेच्या गोळ्या न खाल्लेलं माणूस उरलं नव्हतं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची म्हातारी गाडी त्यांनी घेतली तेव्हा गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला, कारण काकांना आता हक्काचा रोगी मिळाला होता.

मेकॅनिक म्हणजे सर्जन, दिसलं की कापलं, असं त्यांचं मत. गाडी कुरकुरली की ते बॉनेटला कान लावत. "खोकला कोरडा की ओला? सकाळी जास्त की संध्याकाळी? चढावर धाप लागते?" प्रश्न तेच विचारत आणि गाडीच्या वतीने उत्तरंही तेच देत. एका वेळी एकच उपाय, हा त्यांचा बाणा. प्लग पुसला तर त्या दिवशी दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. गाडी गोरेगावपर्यंत न्यायची, परत आणायची, मग पुढचं बघायचं. एकदा मी आगाऊपणाने प्लगबरोबर बॅटरीच्या ताराही घासल्या. गाडी सुरू झाली, पण काका माझ्याशी बोलेनात. "आता कशानं बरी झाली ते कळणार कसं रे, गाढवा?" आणि रोग सापडला की फाटकात उभं राहून ते तो साऱ्या गल्लीला ऐकवत.

मावशीला ती गाडी डोळ्यांसमोर नको असे. 'तुमची ती' एवढाच तिचा उल्लेख. एकदा माहेरची माणसं आत असताना ती वाकोल्याच्या गोठ्यांपुढे बंद पडली आणि मावशीच्या थोरल्या भावाला धोतर खोचून शेणातून ढकलावी लागली. तेव्हापासून मावशीने तिच्यात पाऊल ठेवलं नव्हतं. पण एका दसऱ्याला काय मनात आलं कोण जाणे, ती ताट घेऊन खाली उतरली आणि गाडीला झेंडूची माळ घातली. कुंकू कुठे लावावं हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. गाडीला खाऊपिऊ घालतात ते मागच्या पेट्रोलच्या टोपणातून, तेव्हा कपाळ तिथेच कुठेतरी असणार. काका बघतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद पडू लागली. घरून झकास निघे, जोगेश्वरी ओलांडली की आचके देऊन थांबे, जरा विसावली की चाले, पुन्हा थांबे. काकांनी प्लग पाहिले आणि गोरेगाव गाठायला निघाले. पॉइंट घासले, पुन्हा निघाले. कार्बोरेटर धुतला, पेट्रोलची नळी फुंकली, पंप खोलला. दर वेळी आम्ही जोगेश्वरीच्या पुढे रस्त्यात उभे. "ती सांगतेय रे," काका म्हणायचे, "आपल्यालाच ऐकू येत नाहीये."

मावशीचा चेहरा मात्र पार उतरला होता. "मी हात लावला आणि बिघडली. माझाच हात वाईट. विकून टाका हो," एवढंच ती म्हणे. एरवी साऱ्या गल्लीला धाकात ठेवणारी माझी मावशी त्या दिवसांत गाडीच्या बाजूच्या खिडकीतही उभी राहत नसे. दिवाळीपर्यंत दोष सापडला नाही तर विकीन, असा काकांनी तिला शब्द दिला. कुर्ल्याचा भंगारवाला येऊन टायरला लाथ मारून गेलासुद्धा.

दिवाळीच्या तोंडावरच्या रविवारी आम्ही दोघं पुन्हा निघालो आणि पुन्हा थांबलो. पेट्रोल किती उरलंय ते बघायला काकांनी मागे जाऊन टोपण फिरवलं. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली.

"ऐकलंस?" काका कुजबुजले. "श्वास कोंडलाय रे हिचा!"

टोपण उघडं ठेवून स्टार्टर ओढला, गाडी लगेच सुरू. टोपण लावून पुढे गेलो, थोड्या वेळाने थांबली. उघडलं, चालली. काकांनी टोपण उन्हात धरलं. पेट्रोल खाली जाईल तशी आत हवा यावी म्हणून त्याला एक बारीक भोक असतं. ते पार बुजलं होतं. वर कुंकू आणि कुंकवाखाली मेण. मावशी रोज स्वतःच्या कपाळाला लावायची ते मेण. कुंकू गळून पडू नये म्हणून तिने गाडीलाही आधी तेच लावलं होतं.

काका टोपण हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. मग टाचणीने तेवढं भोक मोकळं केलं. बाजूच्या कुंकवाला धक्काही लागू दिला नाही.

फाटकात गल्ली जमलीच होती. "काय निघालं, काका?"

"कचरा. पेट्रोलमध्ये."

मावशी दारातूनच म्हणाली, "माझ्यामुळे नव्हतं ना?"

"तुझ्यामुळे? वेडी की काय! पूजा झाली म्हणून कचऱ्यावर निभावलं, नाहीतर इंजिनच बसायचं."

भाऊबिजेला मावशी पुढच्या सीटवर बसून माहेरी गेली. पुढच्या दसऱ्याला टिळा दुप्पट झाला. "तिला एकदा सांगून टाका ना," मी म्हटलं.

"सांगू? इतक्या वर्षांत माझ्या वेडाला तिनं पहिल्यांदा हात लावला," काका म्हणाले. "भोकाचं काय, ते मी करीन मोकळं."

ते त्यांनी दर दसऱ्याला केलं. शेवटच्या दसऱ्याला काका अंथरुणाला खिळले होते. गाडी वर्षभर जागची हलली नव्हती, टाकीत थेंब नव्हता. तरी मावशी ताट घेऊन खाली गेली. ती परतून स्वयंपाकघरात वळल्यावर काकांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि उशाखालची टाचणी माझ्या हातात दिली. मी खाली गेलो आणि ते भोक नीट मोकळं करून आलो.