पहिल्या ओळीतलं नाव

आता कुठून सुरुवात करू? स्वतःचीच फजिती सांगायची आहे, तेव्हा आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

मी रेल्वेत इंजिनीअर. मूळचा सातारचा, पण लखनऊला येऊन अकरा वर्षं झाली. गोमती नगरात फ्लॅट. मुलगी जुई इथल्याच एका प्रयोगशाळेत आहे. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. तिने तिथलाच एक मुलगा पसंत केला, निखिल. वडील कर्नल, छावणीत क्वार्टर, घर मराठी. परमुलखात आणखी काय हवं? रविवारी त्यांच्याकडे चहाला जायचं आणि लग्न पक्कं करायचं, एवढंच उरलं होतं.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर एक कागद दिसला. पहिल्या ओळीत निखिलचं नाव. खाली 'आयन चॅनल जीन'. त्याखाली 'ह्यूमन: नॉन-फंक्शनल'.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे इंजिन बिघडलं की फेल्युअर रिपोर्ट भरतात. त्यात पहिल्या ओळीत बिघडलेल्या इंजिनाचा नंबर, आणि खाली काय बिघडलं ते. तीस वर्षं मी हेच कागद वाचत आलोय. म्हणजे निखिलच्या आतला कुठला तरी चॅनल बंद होता. खाली ह्यूमन लिहिलं होतं, आणि निखिल ह्यूमनच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

जुई घाईत स्कूटरची चावी शोधत होती.

"जुई, निखिलचा तो जीन बंद आहे म्हणे. तुला माहीत आहे?"

"हाँ बाबा, पता है। पहले दिन उसी ने बताया था।"

"आणि काही उपाय?"

"उपाय क्या? पैदाइशी बंद है। उसके बिना भी सब ठीक चलता है।"

आणि गेली कामाला. मी तसाच बसलो. पोरगी सगळं जाणून हो म्हणत होती. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. लग्न मोडावं म्हटलं तर तिचा चेहरा समोर यायचा. बायकोला, सुनंदाला, सांगावं तर ती हाय खाईल. शेवटी ठरवलं, मन मोठं करायचं. कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी छावणीत चहा आला, समोसे आले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मी घसा साफ केला.

"कर्नलसाहेब, आम्हाला सगळं कळलंय. निखिल त्याच्या दोषासकट आम्हाला मान्य आहे."

निखिलच्या आईंनी कप खाली ठेवला. सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. कर्नलसाहेबांनी अगदी शांतपणे विचारलं, "कसला दोष?"

मी खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि मुलाकडे दिला. जुईने कपाळाला हात लावला. ठरत आलेलं लग्न माझ्यामुळे मोडतंय हे मला कळत होतं, पण कसं मोडतंय तेच कळत नव्हतं.

निखिल मात्र समजूतदार. तो म्हणाला, "काका, हे माझ्या संशोधनाचं टिपण आहे. मी लिहिलंय म्हणून वर माझं नाव. या जीनमुळे उंदरांना वासावरून समोरचा उंदीर कोण ते ओळखता येतं. माणसांत तो फार फार पूर्वीच बंद पडलाय. माझा, आईचा, बाबांचा." मग जरा थांबून म्हणाला, "तुमचाही."

मी समोशाकडे बघत बसलो. शेवटी कर्नलसाहेबांनी चष्मा काढला.

"हरकत नाही," ते म्हणाले. "व्याही दोषासकट आम्हालाही मान्य आहेत."

लग्न ठरलं. गाडीत बसल्यावर सुनंदा म्हणाली, उंदराला वासावरून कळतं, तुम्हाला लिहिलेलं वाचूनही कळलं नाही.

तो कागद आता आमच्या फ्रिजवर आहे. जुईने पहिल्या ओळीतलं निखिलचं नाव खोडून तिथे माझं लिहिलंय. बाकी एक अक्षरही बदललेलं नाही. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, रिपोर्ट आता बरोबर भरलाय.